शिऊरच्या बहिणाबाईचे प्रकरण

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी एक परगावचे कुटुंब आश्रयाला राहिले होते. त्यांच्याकडे दानात आलेली कपिला गाय होती. गाईला वासरू झाले आणि त्या वासराला घरातल्या कोवळ्या मुलीचा लळा लागला. ती पाण्याला निघाली की वासरू मागे, कीर्तनाला निघाली की वासरू मागे. एके दिवशी ते मेले. मुलगी शुद्ध हरपून पडली आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. दिवसही तिने नोंदवून ठेवला आहे: कार्तिक वद्य पंचमी, रविवार.

तुकोबांना तिने तोवर डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांचे अभंग मात्र जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनात कानावर पडत होते. एवढ्याशा ओळखीवर स्वप्नात गुरू मिळाला आणि घरात आग लागली. नवरा वेदपाठी ब्राह्मण, ज्योतिष पाहणारा. बायकोने गुरू केला तो देहूचा कुणबी, वाण्याचा धंदा केलेला.

ही मुलगी म्हणजे संत बहिणाबाई. ‘अरे संसार संसार’वाल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या त्यांच्याहून अडीचशे वर्षांनी जुन्या, शाळेपासून घोळ होतो म्हणून सांगून टाकतो. हिचा जन्म 1628चा, वेरूळजवळच्या देवगावचा. शेवट 1700 साली शिऊरला झाला, आजच्या वैजापूर तालुक्यात. तिथेच तिची समाधी आहे.

भक्तिसंप्रदायात बाईचे स्थान काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले: ‘आमच्याकडे भेदच नाही, मुक्ताबाई बघा, जनाबाई बघा.’ दुसरे: ‘सगळा देखावा आहे, बाईला कुठेच जागा नव्हती.’ दोन्ही उत्तरे देणारे नावांची यादी वाचतात आणि थांबतात. एकच प्रकरण घेऊन त्यात कोण काय म्हणाले, कोण कधी नमले आणि दार नेमके कोणाच्या हाताने उघडले हे पाहिले तर यादीत न दिसणारे काही दिसते. त्यासाठी बहिणेइतके सोयीचे प्रकरण दुसरे नाही, कारण तिने स्वतःची हकिगत स्वतः अभंगांत सांगून ठेवली आहे. त्या काळच्या मराठी बाईने इतक्या तपशिलाने स्वतःचा संसार सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

एक अडचण आधीच कबूल करायला हवी. साक्षीदार एकच आहे. नवऱ्याची बाजूसुद्धा आपल्याला तिच्याच तोंडून कळते. तरी गंमत अशी की ती बाजू तिने चांगली भक्कम मांडली आहे.

घर सोडलेले घर

बहिणेचे वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. लहानपणीच तिचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठकांशी लागले. तो बिजवर, तिशीचा. पुढे आऊजींच्या मागे भाऊबंदकी आणि कर्ज लागले, आणि सगळ्या कुटुंबाला गाव सोडून निघावे लागले. आईवडील, भाऊ, बहिणा आणि तिच्याबरोबर जावईही. भिक्षा मागत, तीर्थे करत, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी वाट काढत ही मंडळी कोल्हापूरला पोहोचली.

ही पार्श्वभूमी मी मुद्दाम सांगतोय. गंगाधर हा मारकुटा नवरा म्हणून ओळखला जातो आणि तो होताच. पण तो कोणत्या जागी उभा होता हेही पाहायला हवे. स्वतःचे घर नाही, वतन नाही. बायकोच्या माहेरच्या माणसांबरोबर, दुसऱ्याच्या वाड्यात राहतोय. हाताशी भांडवल एकच: वेदपठण, ज्योतिष आणि त्यातून येणारा मान. ब्राह्मणवस्तीत मान गेला की दक्षिणा गेली आणि दक्षिणा गेली की चूल गेली. अशा माणसाची बायको चारचौघांत वासरू घेऊन कीर्तनाला जाते. जयरामस्वामी तिच्या आणि वासराच्या डोक्यावरून हात फिरवतात. गावात त्याची चर्चा होते आणि ती कोणीतरी मीठमसाला लावून त्याच्या कानावर घालतो. त्याने तिला मारले, बांधून ठेवले. गाय आणि वासरू दोघांनी चारा सोडला असे ती सांगते.

मग वासरू मेले, स्वप्न पडले आणि लोक तिला बघायला येऊ लागले. खरे बिनसले ते इथे. शूद्र गुरू हा तक्रारीचा एक भाग झाला. दुसरा भाग तिने अगदी स्पष्ट सांगितलाय: लोक हिच्या पाया पडायला येतात आणि मला, वेद जाणणाऱ्याला, कोणी विचारत नाही, हे त्याला सहन होईना. त्याने बायकोला तिच्या आईबापांकडे टाकून तीर्थाटनाला निघून जायचे ठरवले. बहिणा तेव्हा गरोदर होती.

त्याच्या रागात शास्त्र किती आणि मत्सर किती याचे माप आपण आज घेऊ नये. पण शास्त्राचा आधार घेऊन मत्सर बोलला की तो ओळखायला कठीण जातो, एवढे खरे. आजही एखाद्या गावात सूनबाईचे प्रवचन सासऱ्याच्या प्रवचनाहून जास्त रंगले की ‘बाईने व्यासपीठावर बसावे का’ हा प्रश्न अचानक शास्त्रीय होतो.

तिने काय उत्तर दिले

आता बहिणेची बाजू. इथे आधुनिक वाचकाची पंचाईत होते, कारण त्याला बंड हवे असते.

तिचा एक अभंग असा सुरू होतो:

वेद हाका देती, पुराणे गर्जती । स्त्रियेचे संगती हित नोहे ॥
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आता कैची ॥

वेद हाका मारून सांगतात, पुराणे गर्जून सांगतात की बाईच्या संगतीत कल्याण नाही. आणि मी तर मुळातच बाईचा देह. मग माझ्या परमार्थाची सोय कुठे लागणार? या ओळींत उपहास आहे की हताशा, यावर अभ्यासक वाद घालोत. मला त्यातला ‘सहज’ शब्द बोचतो. पुरुषासाठी ‘स्त्रीसंग’ ही टाळायची गोष्ट आहे. तो उठून जाऊ शकतो. पण जिला सांगायचे की बाईपासून लांब राहा, ती स्वतःच बाई असेल तर तिने कोणापासून लांब व्हायचे? वैराग्याचा उपदेश ऐकणारा पुरुषच असणार असे धरून केला होता, ही गोष्ट तिने दोन ओळींत उघडी पाडली. ती आरोप करत नाही, फक्त विचारते.

दुसऱ्या ठिकाणी ती आणखी सरळ बोलते: ‘स्त्रियेचे शरीर पराधीन देह । न चाले उपाव विरक्तीचा.’ इथे तिने बाईला अपवित्र म्हटलेले नाही, पराधीन म्हटले आहे. अडचण देहाच्या शुद्धाशुद्धतेची नसून मालकीची आहे, हे तिला कळले होते. हा फरक मोठा आहे आणि आपण त्यावरून फार घाईने पुढे जातो.

मात्र नवरा सोडून जायला निघतो तेव्हा ती जे बोलते त्याने आपले मनातले चित्र विसकटते. ती स्वतःला समजावते की नवरा हाच देव, त्याची सेवा हाच परमार्थ. दगडाचा विठ्ठल आणि स्वप्नातला तुका यांच्यासाठी समोरचा देव कशाला गमवावा? वारकरी माणसाला ही ओळ वाचवत नाही. विठ्ठलाला दगड आणि तुकोबांना स्वप्न म्हणून मोकळी झाली! तिला पतिव्रता ठरवणारे लोक हीच ओळ पुढे करतात आणि बंडखोर ठरवू पाहणारे ती गाळतात.

मी ती ओळ तिच्या जागेवर ठेवून वाचतो. बाई परगावात आहे, पोटात मूल आहे, आईबाप स्वतः कर्जापायी परागंदा झालेले आणि नवरा निघालेला. अशा वेळी माणूस काय बोलतो हे सिद्धांत म्हणून घेऊ नये. शिवाय बोलताना तिने जी निवड केली तीही पाहा. मंत्र खोटा होता किंवा तुकोबा गुरू नव्हेत असे ती कुठे म्हणत नाही. ‘सोडते’ म्हणते, ‘चूक होती’ म्हणत नाही.

स्वभाव कोणाला असतो?

या प्रकरणात माझ्या मते सर्वात महत्त्वाचा शब्द जयरामस्वामींच्या तोंडी येतो. नवरा मारतोय हे कळल्यावर ते त्याला समजावतात. म्हणतात, ही योगभ्रष्ट आहे, हिला त्रास देऊ नकोस.

योगभ्रष्ट ही कल्पना गीतेच्या सहाव्या अध्यायातली. साधना अर्धवट राहून ज्याचा देह पडला तो पुढच्या जन्मी चांगल्या घरी जन्म घेतो आणि आधीच्या संस्कारांच्या ओढीने पुन्हा त्याच वाटेला लागतो. बहिणा लहानपणापासून इतर पोरींसारखी खेळात रमत नव्हती, नामात रमत होती. याचा उलगडा या एका शब्दाने झाला. तिचे वागणे हट्ट नव्हे, आगाऊपणा नव्हे, पूर्वजन्मीचा ठेवा. पुढे म्हातारपणी तिने स्वतः मुलाला आपले बारा पूर्वजन्म सांगितले. हा तेरावा.

शब्द दयेने वापरला होता आणि त्याने तिला वाचवलेही. पण त्याची किंमत काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वधर्माविषयी जो प्रसिद्ध श्लोक आहे त्याची दुसरी ओळ ‘स्वभावनियतं कर्म’ अशी सुरू होते. आपल्या स्वभावाने ठरलेले काम केले तर पाप लागत नाही. म्हणजे भूमिका स्वभावातून यावी. पुरुषाच्या बाबतीत हा विचार निदान चर्चेला तरी आला: कोणाचा स्वभाव कोणत्या कर्माचा, जन्म मोठा की गुण मोठा. बाईच्या बाबतीत मात्र स्वभाव हा एकेका बाईचा नसतोच, तो ‘स्त्रीस्वभाव’ असतो. सगळ्या बायांना मिळून एक. आणि त्यावरून ठरलेला धर्मही एकच, स्त्रीधर्म. एखादीचा जीव संसारात न रमता नामात रमला तर तो तिचा स्वभाव धरला जात नाही. एक तर दोष धरतात नाही तर चमत्कार.

बहिणेला चमत्कार ठरवले गेले. त्यामुळे तिला जागा मिळाली, पण शेजारच्या घरातल्या जिला नाम आवडत होते, पण शुद्ध हरपत नव्हती, स्वप्न पडत नव्हते, जिच्यामागे वासरू धावत नव्हते, तिला काहीच मिळाले नाही. अपवाद म्हणून दिलेली जागा नियमाला धक्का लावत नाही. उलट नियम टिकवायला अपवादाची मदतच होते. ‘बहिणाबाईसारखी असशील तर जा कीर्तनाला’ हे वाक्य प्रत्यक्षात ‘जाऊ नकोस’ असेच असते.

हे लिहिताना मला तिचा आणखी एक उद्योग आठवतो. ‘वज्रसूची’ या संस्कृत रचनेचा आशय तिने मराठीत आणला. त्यात ब्राह्मण कोण याची उलटतपासणी आहे. जीव ब्राह्मण का? नाही, तो तर अनेक देहांतून फिरतो. देह ब्राह्मण का? तसे असेल तर मेलेल्या बापाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागेल. जात का, ज्ञान का, कर्म का, असे एकेक पान उलटत शेवटी ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण इथे ती रचना पोहोचते. ब्राह्मण घरात वाढलेल्या आणि शूद्र गुरू केल्याबद्दल मार खाल्लेल्या बाईने हे मराठीत आणावे यात केवळ अभ्यास नव्हता. तो तिच्या घरातल्या भांडणाला दिलेला जबाब होता.

आता हीच पट्टी बाईच्या देहाला लावून पाहा. देह पाच महाभूतांचा, मग त्यात बाई कोणती आणि पुरुष कोणता? तर्क पूर्ण तयार आहे, हत्यार तिच्या हातात आहे. पण जातीबाबत जितक्या तपशिलाने ती वाद घालते तितका वाद तिने स्त्रीपणाबाबत घातला नाही. तिथे ती ‘पराधीन’ म्हणून थांबते. तिच्या तीनेकशे वर्षे आधी चोखोबांच्या सोयराबाईने विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा झाला तो कोण, असा सवाल टाकला होता. जनाबाई तर ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे सरळ म्हणून गेली.

बहिणा का थांबली? मला वाटते, जातीचा वाद जिंकल्याने तिला गुरू मिळत होता; बाईपणाचा वाद घातला असता तर घर गेले असते. जनीकडे गमवायला घर नव्हते, ती नामदेवाघरची दासी. सोयराबाई गावकुसाबाहेरची, तिला समाज जी प्रतिष्ठा देतच नव्हता ती सांभाळायची कशाला? बहिणेकडे प्रतिष्ठा होती आणि ती नवऱ्याच्या नावावर होती.

आवली आणि इतर वाटा

तिच्यापुढे दुसरी वाट होती का, हा प्रश्न टाळता येत नाही. बाईने घर सोडून पूर्णवेळ साधना करावी अशी सोय महाराष्ट्रात नव्हती असे नाही. तेराव्या शतकात चक्रधरांच्या महानुभाव पंथात बायकांना संन्यास मिळत होता, आणि धवळे म्हणजे लग्नगीते रचणारी महदाइसा त्याच परिवारातली. बहिणेच्याच काळात समर्थ रामदासांनी वेणाबाईला कीर्तनाला उभे केले आणि मिरजेचा मठ तिच्याकडे सोपवला. पण वेणाबाई बालविधवा होती. समाजाच्या हिशेबात तिची पत्नीची भूमिका संपलेली होती, म्हणून ती साधिका होऊ शकली. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेची मुलगी, तीही कोणाची बायको नव्हती. मुक्ताबाई अविवाहित.

जरा ओळीने पाहा: अविवाहित, दासी, गणिकाकन्या, विधवा. ज्यांच्याकडे नवरा नव्हता त्यांना वाट मोकळी झाली. सवाष्ण, लेकुरवाळी, उच्च जातीची गृहिणी ही या सगळ्यांत सर्वाधिक मानाची आणि सर्वाधिक अडकलेली. वारकरी पंथ हा संसारी माणसांचा पंथ, इथे संसार सोडावा लागत नाही, हा त्याचा मोठेपणा आपण सांगतो आणि तो खराच आहे. पण संसारात राहून भक्ती करण्याची मुभा नवऱ्याला मिळते तेव्हा संसार चालवायला बायको असते. बायकोला ती मुभा मिळते तेव्हा?

याचे उत्तर देहूतच होते. तुकोबांची बायको जिजाई, जिला सगळे आवली म्हणतात. दुष्काळ, कर्ज, पोरे आणि कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडून डोंगरावर जाऊन बसलेला नवरा. कीर्तनकार तिला कजाग रंगवतात, श्रोते हसतात. मी स्वतः लहानपणी पुष्कळ हसलोय. तिचा स्वभाव भजनाचा होता की हिशेबाचा हे कोणी विचारलेच नाही, कारण कोणीतरी हिशेब ठेवणे भाग होते. तुकोबांना त्यांचा स्वभाव जगता आला त्याला आवलीने भूमिका पार पाडणे हा आधार होता. बहिणेकडे आवली नव्हती. तिची आवली तिलाच व्हायचे होते.

गंगाधर, बहिणा, तिची गाय आणि पुढे तिची काशी नावाची मुलगी देहूत राहायला आली तेव्हा आवलीही त्याच गावात होती. दोघींचे काही बोलणे झाले असेल तर ते कुठे लिहिलेले नाही. मला त्याचे फार वाईट वाटते.

निकाल

कोल्हापूरचे भांडण सुटले ते असे. नवरा निघायच्या बेतात असताना आजारी पडला. महिनाभर ताप उतरेना. बहिणा रात्रंदिवस उशाशी बसली. शेवटी त्याला वाटले की आपण तुकोबांची निंदा केली त्याचे हे फळ आहे. एक वृद्ध ब्राह्मण येतो आणि बायकोला का टाकतोस, तिचा दोष काय, असे विचारतो. तो देवच होता अशी तिची श्रद्धा. गंगाधर बरा झाला आणि स्वतःच म्हणाला, चला देहूला.

म्हणजे क्रम असा: आधी ती नमली, मग तो आजारी पडला, मग तो नमला. तिला गुरूकडे जायची परवानगी तिच्या अधिकारातून मिळाली नाही. नवरा स्वतः भक्त झाला म्हणून मिळाली. स्त्रीधर्म आणि भक्ती यांच्यातला झगडा सुटला असे अभ्यासक म्हणतात. मी म्हणेन, तो सुटला नाही, त्याची जागा बदलली. नवऱ्याची इच्छा आणि देवाची इच्छा एकच झाल्यावर झगड्याला कारण उरले नाही. उद्या गंगाधरने पुन्हा मन बदलले असते तर?

देहूत नवा तमाशा सुरू झाला आणि या वेळी नवराबायको एका बाजूला होती. मंबाजी गोसावी या ब्राह्मणाला वाटत होते की हे ब्राह्मण जोडपे आपले शिष्य व्हावे. त्यांनी तुकोबांचे नाव घेताच त्याचे डोके फिरले. त्याने बहिष्काराची धमकी दिली, पुण्याच्या आपाजी गोसाव्याला पत्र धाडले, बहिणेची गाय नेऊन कोंडली आणि मारली. गाईवरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले असे ती सांगते. चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. मला त्यात दिसते ते असे की गाय मंबाजीच्या गोठ्यात असताना तिच्यासाठी पाठ पुढे करणारा एक माणूस गावात आहे, हा तिचा विश्वास. कोल्हापुरात तिला बांधले होते तेव्हा तसे कोणी नव्हते.

आणि गंगाधर? कोल्हापुरात ‘शूद्र तुका कसला गुरू’ म्हणणारा माणूस देहूत त्याच तुक्यासाठी ब्राह्मणांचा रोष पत्करून बसला. त्याला श्रेय द्यायला हवे. माणसे बदलतात, फक्त त्यासाठी बायकोने आधी मार खायची गरज नव्हती.

आजच्या दिंडीत

या प्रकरणाचा आजशी संबंध लावताना ओढाताण करायची नाही, कारण तो आपोआप लागतो. मुक्ताईची पालखी दर आषाढीला जळगाव जिल्ह्यातून पंढरपूरला येते आणि मानाच्या पालख्यांत तिची गणना होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचा, म्हणजे विठ्ठल मंदिरातल्या पिढीजात पुजाऱ्यांचा, दावा फेटाळला गेला, आणि त्याच वर्षी विठ्ठल मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि बायकांकडूनही अर्ज मागवले. गावोगावच्या सप्ताहांत बाया कीर्तनाला उभ्या राहतात, नारदाच्या गादीवरून तासन्‌तास बोलतात. बहिणेच्या काळाशी तुलना केली तर हे थोडे नाही.

तरी दिंडी पुढून जाताना उभे राहून पाहा. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. टाळकरी पुरुष आणि गळ्यात वीणा घातलेला तो बहुतेक दिंड्यांत पुरुषच. मुक्कामाला पोहोचल्यावर कोण पाय पसरून बसतो आणि कोण पीठ मळायला घेतो हेही पाहा. चालले सारखेच, वीस-वीस किलोमीटर. ‘माउली’ म्हणून दोघांनाही हाक मारतात, आणि ती हाक खोटी नसते. पण भाकरी थापणारी माउली एकच.

‘बाईला आत घ्यावे का’ हा प्रश्न आजच्या पंथांत कमी येतो. येतो तो असा: ‘तिला आवड आहे, पण घरचे बघून करावे.’ भजनी मंडळात सुंदर आवाजाची एखादी बाई काही वर्षे दिसत नाही, आणि विचारले तर कळते की सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पखवाज वाजवणारा मात्र सहसा आई आजारी म्हणून यायचा थांबत नाही. माळ घालायची तर नवऱ्याला विचारून घाल, असे आजही सांगितले जाते. नवऱ्याने माळ घालताना बायकोला विचारले का, हे कोणी विचारत नाही. स्वयंपाकात कांदा-लसूण त्या दिवसापासून तिनेच सोडायचा असतो, तरीसुद्धा.

बहिणेने ज्या शब्दावर बोट ठेवले होते तो इथे पुन्हा समोर येतो. पराधीन.

तिचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग म्हणजे ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’. ज्ञानदेवांनी पाया रचला, नामदेवांनी आवार वाढवले, एकनाथांनी भागवताचा खांब दिला, तुका कळस झाला. वारकरी संप्रदायाचा इतिहास इतक्या नेमक्या चित्रात दुसऱ्या कोणी सांगितलेला नाही, आणि तो एका बाईने सांगितला. त्या इमारतीत पाया, आवार, खांब, कळस यांतली कोणतीही जागा मुक्ताईला नाही, जनीला नाही. स्वतःला तर नाहीच. शेवटच्या चरणात ती एवढेच म्हणते, ‘बहिणी म्हणे फडकती ध्वजा’. आवारात कुठेतरी उभी राहून वर बघत असावी.

तिचे हे अभंग पुस्तकरूपाने छापले गेले ते विसाव्या शतकात. 1929मध्ये पुण्यात जस्टिन अ‍ॅबट या मिशनऱ्याने त्यांचे इंग्रजी भाषांतरही काढले. ज्या बाईला बांधून ठेवले होते तिचे शब्द तोवर दोनशे वर्षे वह्या-बाडांत आणि कीर्तनकारांच्या तोंडी टिकून होते. ‘इमारत’ अभंग तर आमच्या गावात दर एकादशीला म्हणतात. शेवटचा चरण आला की पुरुष टाळ उंचावतात आणि मागे बसलेल्या बाया टाळ्यांचा ठेका धरतात.